मंगल कार्यालयातली भुतं

माझा मोठा भाऊ लग्नांचे व्हिडिओ काढायचा. नव्वद सालाच्या आसपास पनवेलमध्ये हा धंदा नवा होता आणि जोरात होता. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, मागे हॅलोजन धरलेला एखादा मित्र, आणि ऐन मंगलाष्टकांत गुरुजींना "जरा बाजूला व्हा" म्हणायचा अधिकार! पण आषाढात देव झोपले की लग्नं थांबत आणि दादाचा कॅमेरा कपाटात जाई. ते दादाला बघवत नसे. उरणला आणि पेणला त्याच्यासारखेच व्हिडिओवाले होते. लग्नसराईत एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी ही मंडळी पावसाळ्यात मात्र चहाला एकत्र बसत. अशाच एका बैठकीत ठरलं, की रिकाम्या दिवसांत प्रत्येकाने एक भुताचा सिनेमा काढायचा आणि पक्षपंधरवड्यात सगळ्यांचे सिनेमे एकत्र दाखवायचे.

भुताचाच का, तर भुताला गाणी लागत नाहीत, देखणी नायिका लागत नाही आणि चित्र अंधूक आलं तरी कुणी तक्रार करत नाही. आणि पक्षपंधरवड्यातच का, तर तेव्हा मंगल कार्यालयांकडे कुणी फिरकत नाही. गावातल्या एका कार्यालयाचे मालक आमच्या ओळखीचे होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी हॉल दिला, पण एक अट घातली.

"दारावरची 'शुभविवाह'ची कमान काढायची नाही. एकदा काढली की परत लावायला माणूस मिळत नाही."

त्यामुळे आमचा भुतांचा महोत्सव दरवर्षी शुभविवाहाच्या कमानीखालून आत शिरायचा. खेळ दुपारी असायचे, कारण उरण-पेणच्या लोकांना संध्याकाळची एसटी गाठायची असे. मग अंधार करायला खिडक्यांवर पंगतीच्या सतरंज्या टांगायच्या. वर्षानुवर्षांच्या मसालेभाताचा आणि मठ्ठ्याचा वास त्या सतरंज्यांत मुरलेला होता. स्टेजवर जिथे वधूवरांच्या खुर्च्या असतात तिथे मोठा रंगीत टीव्ही. समोर शे-दीडशे माणसं घाबरायला उत्सुक होऊन बसलेली.

पहिल्या वर्षी दादाच्या सिनेमाला लोक इतके हसले की तो हॉलच्या मागच्या दाराने निघून गेला. भूत झालेल्या त्याच्या मित्राला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं, आणि ते पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. पेणवाल्याचा सिनेमा कर्नाळ्याच्या जंगलात काढलेला होता. त्यात पक्षीच इतके ओरडत होते की हडळ काय म्हणते ते ऐकू येईना. तरी लोक खूश होते. जाताना विचारत होते, "पुढच्या वर्षी आहे ना?"

पुढच्या वर्षी दादाने विचुंब्याला एका शेतात शूटिंग ठेवलं. शेताच्या कडेला जुनी विहीर होती. शेताच्या मालकाने परवानगी दिली, पण काकुळतीने सांगितलं, "भूत दाखवा, पन शेत आमचा हाय असा कुनाला सांगू नका. कापनीला बाया येनार नाय."

मी तेव्हा कॉलेजात होते. किंचाळणं आणि पैंजण हे माझ्याकडे होतं. रिकाम्या माठात तोंड घालून किंचाळलं की आवाज भयंकर घुमतो, हा माझा शोध. रात्रीचं दृश्य आम्ही भर दुपारी काढायचो. गणपतीच्या आराशीतला निळा जिलेटिनचा कागद लेन्सवर लावला की चांदणं पडतं, हा दादाचा.

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती, पण भूत आलंच नाही. मित्राला ताप होता. आम्ही हताश होऊन बांधावर बसलो होतो. तेवढ्यात लांबून बाबा येताना दिसले. बाबा पोस्टात खिडकीवर बसायचे. गावातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्यांच्या हातून तिकिटं घेतलेली. बोलणं मऊ, चालणं मऊ. रविवार होता म्हणून ते आमच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन आले होते. बांध निसरडा, डब्यात आमटी. ती सांडू नये म्हणून ते अगदी सावकाश, ताठ, नजर समोर ठेवून चालत होते. अंगात पांढरा सदरा. आजूबाजूला कंबरभर भात, त्यामुळे पाय दिसतच नव्हते. माणूस नुसता भातावरून सरकत येतोय असं वाटत होतं.

दादाने सवयीने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि हळूच म्हणाला, "बापरे."

मग तो ओरडला, "बाबा, परत एकदा तिकडून चालत या ना!"

"का रे? काही पडलं का माझं?"

"नाही. तुम्ही भूत आहात."

बाबांनी डबा बांधावर ठेवला, थोडा विचार केला आणि विचारलं, "चष्मा काढू का?"

बाबा त्या सिनेमात काहीच करत नाहीत. दात दाखवत नाहीत, कुणाचा गळा धरत नाहीत. चेहऱ्याला तांदळाची पिठी लावून नुसते चालत येतात. पण त्या वर्षी हॉलमध्ये चिडीचूप शांतता पसरली. पुढे बसलेली एक बाई सतरंजी बाजूला सारून खिडकीतून बाहेर बघून आली, अजून दिवसच आहे ना याची खात्री करायला. दुसऱ्या दिवशी पोस्टात एक लहान मुलगी आईच्या मागे लपली आणि बाबांच्या हातून आंतर्देशीय घेईना. बाबा खिडकीतून वाकून तिला म्हणाले, "घाबरू नकोस बाळ. कामाच्या वेळात मी माणूसच असतो." घरी येऊन त्यांनी हे इतक्या आनंदाने सांगितलं, की मला वाटतं, नोकरीतल्या बढतीचासुद्धा त्यांना एवढा आनंद झाला नसेल.

त्यानंतर दरवर्षी बाबाच भूत झाले. आईला मात्र हे मुळीच पसंत नव्हतं.

"जिवंत माणसाला भूत करता, तेही पक्षपंधरवड्यात? तुम्हाला काही वाटत नाही का?"

"अगं, नुसता चालतो मी," बाबा म्हणायचे.

"मग घरात चाला."

शूटिंगहून ते परत आले की आई त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. बाबा चेहऱ्यावरच्या पिठीसकट निमूट उभे राहायचे. महोत्सवाला मात्र आई एकदाही आली नाही. आम्ही बोलावून बोलावून थकलो.

पुढे एका माघात बाबा गेले. फारसं आजारपण नाही, कुणाला त्रास नाही. पोस्टातून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि त्याच आठवड्यात गेले. दादाने कॅमेरा लग्नांपुरताच हातात घेतला. पावसाळा आला तसे उरणवाले, पेणवाले घरी येऊन गेले. दादा म्हणाला, "यंदा तुम्ही करा. मी नाही." तेही मग म्हणाले, राहू दे यंदा.

पक्षपंधरवड्यात भरणीला बाबांचं श्राद्ध झालं. गुरुजी गेले, नातेवाईक जेवून गेले. आई मागचं आवरत होती. आवरता आवरता तिने दादाला विचारलं, "यंदा तुमचं ते भुतांचं नाही का?"

दादा म्हणाला, "नाही."

"का?"

दादा पाट उचलून भिंतीशी लावू लागला.

आई पदराला हात पुसत म्हणाली, "मी एकदाही पाहिलं नाही. मला बघायचंय."

मग धावाधाव झाली. काकांनी हॉल उघडला, सतरंज्या टांगल्या गेल्या. कसं कळलं कोण जाणे, पण त्या रविवारी हॉल भरला. पोस्टातले लोक आले. विचुंब्याचे शेतमालक बायकोला घेऊन आले. आईला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, तर ती खाली सतरंजीवर माझ्याशेजारी बसली.

दादाने बाबांचा पहिला सिनेमा लावला. निळ्या चांदण्यात बाबा भातावरून सरकत आले. माझं माठातलं किंचाळणं घुमलं. कुणीही घाबरलं नाही. कुणी हसलंही नाही. आई एकटक बघत होती. सिनेमा संपला तेव्हा तिने मागे वळून दादाला विचारलं, "यांचा आवाज कुठेय रे?"

खरंच, कुठल्याच सिनेमात बाबा बोलले नव्हते. भुताला दादाने कधी वाक्यच दिलं नव्हतं.

दादा उठून बाहेर गेला. आमचं घर जवळच होतं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात शूटिंगची मूळ कॅसेट होती, कापाकापी न केलेली. ती त्याने लावली. त्यात निळा कागद लावायच्या आधीचं लख्ख ऊन होतं. बाबा बांधावरून चालत आले, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन थांबले, पिठी लागलेल्या चेहऱ्याने डोळे बारीक करून बघू लागले आणि आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "जमलं का रे? की परत येऊ?"

हॉलमध्ये हशा पिकला आणि क्षणात विरला. कुणीतरी नाक ओढलं. माझा हात आईच्या हातात होता. ती टीव्हीकडे बघत, अगदी हलक्या आवाजात, घरात बोलावं तसं म्हणाली, "या की."

ते मला सोडून कुणाला ऐकू गेलं नाही. दादाला मी ते बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

महोत्सव त्यानंतरही काही वर्षं चालला. आई दरवर्षी येऊ लागली, आणि नुसती येत नसे, मतं देत असे. "ह्या भुताला घाई फार आहे," असं तिने उरणवाल्याला तोंडावर सांगितलं. तो चिडला नाही. उलट पुढच्या पावसाळ्यात थेट घरी आला आणि म्हणाला, "काकू, माझ्या सिनेमात काम करा."

"भूत होणार नाही," आई म्हणाली.

"भूत नाही. भूत दार वाजवतं, तुम्ही दार उघडायचं आणि जोरात किंचाळायचं. एवढंच."

शूटिंग आमच्याच घरी झालं. दार वाजलं, आईने उघडलं. समोर काळं फासलेला, केस पिंजारलेला एक तरुण उभा. आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. किंचाळायचं तिच्या मनातही आलं नाही.

"जेवलास का?" तिने विचारलं.

उरणवाला कपाळाला हात लावून खाली बसला. पण त्याने तो शॉट काढून टाकला नाही. हॉलमध्ये त्याला जेवढ्या टाळ्या पडल्या, तेवढ्या आमच्या कुठल्याच भुताला कधी पडल्या नव्हत्या. आई अंधारात माझ्या कानाशी कुरकुरत होती, "यात टाळ्या कसल्या? पोरगा सकाळपासून उपाशी होता."