रोमन खापराचा रंग कोणी घालवला

सावनेरच्या पुढे एका उत्खननावर मी नोंदवही लिहायला होते. रोमन खापर सापडलं तेव्हा सगळे कामं टाकून धावले. तळहाताएवढा लाल, गुळगुळीत तुकडा. त्यावर साच्यातून उठवलेली द्राक्षाची वेल आणि पळणारा ससा. समुद्र ओलांडून आलेला, दोन हजार वर्षं मातीत टिकलेला. टिकला तो आमच्या हाती लागेपर्यंत.

दुपारी दिल्लीचे पाहुणे येणार होते आणि उत्खननाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांना तुकडा चकचकीत हवा होता. खापरं धुणं गावातल्या एका मावशीकडे होतं. घमेलं, दात घासायचा जुना ब्रश आणि दिवसभर उकिडवं बसणं. दोनदा घासून ती थांबली.

"सर, याचा रंग सुटून राहिला. पाणी पाहा ना, लाल झालं."

"माती आहे ती, मावशी. घासा. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मले भांडे घासनं कळते," ती म्हणाली. पण घासलं.

मी हातभर अंतरावर होते. सगळं ऐकलं आणि गप्प बसले. त्याबद्दल मला अजून स्वतःचीच चीड येते.

ससा वाचला, लाली गेली. पाहुण्यांसमोर सर म्हणाले, "मजुरांचा निष्काळजीपणा. हिला उद्यापासून बंद करतो." आणि मला, "वहीत तसं लिही."

वडील चळवळीतले; आमच्या घरात भाकरीसुद्धा मोर्च्यांच्या पत्रकांवर ठेवून खाल्ली जायची. लिहिलेली ओळ काय करू शकते ते मला शिकवावं लागलं नव्हतं. मी शाईने लिहिलं: रंग सुटतोय हे बाईंनी सांगितलं होतं, तरी घासण्याचा हुकूम सरांनी दिला. खाली सही केली. वहीच्या पानांवर छापील क्रमांक होते, फाडायची सोय नव्हती.

"काहून भांडून राहिली वं पोरी?" मावशी कुजबुजली. "तुलेच काढतीन."

"काढू देत. तुमचं काम का म्हणून जावं?"

मला कामावरून काढून त्याच संध्याकाळी घरी, सीताबर्डीच्या बसमध्ये बसवलं. मावशीला मात्र काढता आलं नाही. काढायचं तर कारण दाखवावं लागलं असतं आणि वहीत माझं पान होतं. काम संपेपर्यंत तीच खापरं धूत होती.

पुढल्या वर्षी ते खापर प्रदर्शनात दिसलं. काचेखाली सरांनी लिहिलेली पाटी: 'वरचा लाल थर कालौघात नष्ट.'

बाईवर ढकलता आलं नाही, म्हणून काळावर ढकललं.