घोडीची साधी चाल

पेणमधल्या माझ्या दवाखान्याच्या पाटीवर नुसतं 'फिजिओथेरपी' असं लिहिलेलं आहे. कोणाची, ते लिहिलेलं नाही. रंगाऱ्याने अक्षरं एवढी मोठी काढली की फळी तिथेच संपली. त्यामुळे माझ्याकडे गुडघे धरलेल्या बायका येतात, कंपनीतल्या शिफ्टने कंबर मोडलेले पुरुष येतात, आणि अधूनमधून कोणीतरी घोड्यासाठी येतं. तरुणपणी रेसकोर्सवर घोड्यांच्या पायांचं काम करणाऱ्या एका बाईंच्या हाताखाली मी काही काळ होते. ही गोष्ट मी एकाच पेशंटला सांगितली होती. पेणमध्ये तेवढं पुरतं.

वडखळच्या आसपास मुंबईकरांची फार्महाउसं झाली, त्यांत घोडे आले, आणि मला बोलावणी येऊ लागली. तिथे तबेल्यात संथ संगीत चालू असतं. घोड्याच्या अंगावर चुंबक शिवलेली झूल असते. मालक चिंतेत विचारतो, "मॅडम, ह्याला स्ट्रेस असेल का?" घोडा आठवडाभर एका जागी उभा असतो आणि शनिवारी त्याच्यावर पाहुणे बसतात. दिवसभर उभं राहणाऱ्या कोणालाही जे होतं तेच त्याला झालेलं असतं. मी सांगते, ह्याला रोज चालवा. मालकाचा चेहरा पडतो. एवढ्या लांबून बोलावलेली बाई एवढंच सांगते, हे त्याच्या मनाला पटत नाही. मलाही पटत नसे पूर्वी. पण थोडं चाला, रोज चाला, हळू चाला, यापलीकडे माझ्या विद्येत फारसं काही नाही, आणि नेमकं तेवढंच कोणी करत नाही.

आठवड्यातून दोन दिवस मी रोह्याला बसते, बाजारामागच्या एका भाड्याच्या खोलीत. तिथे एक भाभी यायच्या. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. हात कमरेच्या वर जात नव्हता. सोबत नवरा असायचा. तो बाहेर बाकावर बसायचा आणि दारातून ओरडायचा, "मॅडम, तिच्या हाताचं ऱ्हाऊ द्या, माझ्या घोडीचा पाय बघा!"

"बघा, बघा," भाभी आतून म्हणायच्या. "घोडीला नजर लागली की ह्यांना झोप नाय. माझा हात वर जात नाय तर बोलतात, बरा झाला, आता वाद घालताना हात नाचवणार नाय."

घरात तीन पिढ्या घोडे होते. नवरदेवाला मारुतीच्या देवळात न्यायचं, वरात मिरवायची, जयंत्या-मिरवणुकांत उभं राहायचं. बाकीचे भाऊ कुवेतला गेले. हे भाई, भाभींचे नवरे, घोडीपायी मागे राहिले आणि घरात मूर्ख ठरले. घोडी पांढरी, नाचरी. बँड वाजला की पुढचे पाय छातीपर्यंत उचलायची. मे महिन्यातल्या एका वरातीत नाचताना तिच्या पुढच्या डाव्या पायाची नस गेली. लोक नस म्हणतात. गुडघ्याखाली नळीमागे असलेली ती जाड दोरी असते, तिच्यावर घोड्याचा सगळा भार तोलला जातो. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की सहा-आठ महिने लागतील, आणि सरळ, सपाट, हळू चालण्याशिवाय दुसरा इलाज नाही.

मी गेले तेव्हा घोडी तबेल्यात तीन पायांवर उभी होती. तबेल्याची जागा मोक्याची, रस्त्याला लागून. मोठ्या भावाला तिथे गाळे काढायचे होते. दिवाळीनंतर तो रजेवर येणार होता आणि फोनवरून त्याने निकाल देऊन ठेवला होता: तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होईल, तेव्हा घोडीला वरातीची सुपारी मिळाली तर तबेला राहील; नाहीतर व्यापाऱ्याला बोलवा. लंगडे घोडे नेणारा एक व्यापारी आहे. तो ते पुढे कुठे नेतो, हे त्याला विचारत नाहीत.

"तोवर होईल ना बरी?" भाईंनी विचारलं.

"सांगते तसं चालवलंत तर."

"चालवायचं काय, चालवतो की! मी आणि काय करतो मग जन्मभर?"

गिरणीमागचा रस्ता सपाट आणि ओसाड होता. तिथे घोडीला दोराने धरून न्यायचं, आणायचं, पायावर गार पाणी सोडायचं, हळूहळू अंतर वाढवायचं, एवढंच काम. पण पाय बरा होईना. मी जाई तेव्हा नळीमागे सूज आणि हाताला कढत. चारदोन आठवडे मी वाट पाहिली, मग सरळ विचारलं, "भाई, चोरून वरातीला नेता का हिला?"

भाईंनी कानाला हात लावले. "मॅडम, आषाढात कोण लगीन करतो?"

हे उत्तर मला सुचायला हवं होतं. त्या दिवशी मी त्यांच्यामागून गिरणीकडे गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भाईंनी दोर हातात घेतला आणि त्यांची छाती पुढे आली. मान ताठ झाली. दर पावलाला मनगटाला एक बारीकसा झटका, आणि झटक्यासरशी घोडी पाय उचलून, थोडा हवेत धरून, मग टेकवत होती. दुखरा पायसुद्धा. मालक आणि घोडी त्या चिखलाच्या रस्त्याने अशी चालली होती, जणू समोर मांडव आहे आणि वधूपक्ष वाट बघतोय. एका कुत्र्याला तर भाईंनी "बाजू, बाजू!" असंही म्हटलं.

"भाई, साधं चालवा."

"सादंच चालवतोय की!"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ठाऊकच नव्हतं. बापाने शिकवलेला तो हात होता; दोर आला की तो आपोआप नाचवायला लागायचा. मी त्यांना हात खिशात घालायला लावला, दोर मनगटाला बांधायला लावला, डाव्या हाताने धरायला लावला. घोडीला त्यांच्या खांद्याची हालचालसुद्धा पुरायची. मोठ्या माणसांचे जे पुतळे आपण चौकाचौकांत उभे करतो त्यांतला घोडा नेहमी एक पाय उचलून असतो. जुन्या लढायांची वर्णनं मी आवडीने वाचली आहेत. घोडदळ नदी उतरून गेलं, दौड मारून आलं, असं पानोपानी असतं. संध्याकाळी त्या घोड्यांना कोणी आणि कसं हिंडवलं, याबद्दल एक ओळ सापडत नाही. मिरवण्याची नोंद ठेवायची आपल्याला सवय आहे.

दुसरं कोणी धरायला हवं होतं. घरात दुसरं कोणी म्हणजे भाभी.

"मी?" भाभी म्हणाल्या. "लगीन होऊन आली त्या दिवसापासून मी त्या तबेल्यात पाय टाकला नाय. आन् हा हात? हा तर वरच जात नाय."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा, तुमच्या चांगल्या हातापरास माझा मोडका हात कामाचा निघाला."

पहिल्या दिवशी घोडी हललीच नाही. दोर सैल लोंबत होता. ती खुणेची वाट बघत होती आणि भाभी ती केव्हा चावते याची. शेवटी भाभींनाच कंटाळा आला. बाजाराला निघाल्यासारख्या त्या चालू लागल्या, घोडीकडे न बघता. "चल गो बये, सासरी नाय नेत तुला." घोडीने मान खाली घातली आणि एकेक पाय टाकत मागोमाग गेली. पुढे पावसाळाभर हे दृश्य रोह्याच्या त्या भागात रोजचं झालं. भाभींच्या एका हातात काळी छत्री, दुसऱ्यात दोर. लग्नातल्या झालरीच्या छत्र्या बघितलेली घोडी छत्रीला बुजली नाही.

"काय भाभी, नवरदेव कुठाय?" गिरणीवाला हाक मारायचा.

"मागं हाय, रुसलाय!"

भाई खरंच मागे असायचे, लांबवर. त्यांना जवळ यायची बंदी होती. सूज उतरली. मग आम्ही रस्त्यात बांबू आडवे टाकले. त्यांवरून पाय मोजून टाकताना घोडी दमायची आणि भाभी तिला शिव्या द्यायच्या, पण थांबायच्या नाहीत. तबेल्यात मी गाजर दाखवून तिची मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून घेई. भाभींचा खांदा मात्र होता तसाच राहिला. त्यांचे व्यायाम त्या करत नव्हत्या. 'वेळ नाय,' म्हणायच्या.

दिवाळीच्या सुमाराला घोडी सरळ, बिनलंगडी चालू लागली. मी भाईंना बाकावर बसवून सांगितलं, "चालेल. हलकासा नवरदेव पाठीवर घेऊन देवळापर्यंत जाईल. पण नाचवली तर पुन्हा तुटेल, आणि मग मी काही करू शकणार नाही."

"एक हंगाम, मॅडम. एकच हंगाम निभावला तर भावाचं तोंड बंद हुईल."

"एक वरातही निभणार नाही."

अशा वेळी आणखी समजावून सांगायचे माझे दिवस संपलेत.

भाऊ आला, आणि त्याच आठवड्यात कोलाडकडच्या एका गावातून मंडळी घोडी बघायला आली. मी त्या दिवशी रोह्यातच होते, भाभींनी बोलावून घेतलं. नवरदेवाचा मामा पुढे होता. पांढरे कपडे, काळा चष्मा, पुढच्या निवडणुकीत उभा राहणार असल्यासारखी चाल. भाऊ तबेल्याच्या दारात हाताची घडी घालून उभा.

"चाचा, नाचवून दाखवा जरा," मामा म्हणाला. "व्हिडिओ काढायचाय. आमच्याकडं ड्रोनपण हाय."

भाईंनी दोर घेतला. माझ्या शेजारी भाभींनी पदर तोंडाला लावला. घोडीने तो हात ओळखला. कान उभे झाले, मान कमानीसारखी वळली, आणि इतके महिने खाली मान घालून चाललेलं ते जनावर बघता बघता मोठं दिसायला लागलं. खरं सांगते, सुंदर दिसत होती. तिने उजवा पाय छातीपर्यंत उचलला, टेकवला. आता डावा. भाईंचं मनगट हललं, डावा खूर जमिनीवरून सुटला, आणि भाईंनी दोर सोडून दिला. हातातून निसटावा तसा नाही; त्यांनी बोटं उघडली. घोडीने पाय हळूच खाली ठेवला.

"नाय नाचत ती," भाई म्हणाले.

"अवो, आता तर पाय उचलला की!"

"उचलला. पन नाचत नाय. चालते नुसती. चालत नेईल तुमच्या नवरदेवाला."

मामाने चष्मा काढला. "चालतच जायचा तर तो चालत जाईल की, चाचा. त्याला पाय हायत!"

सगळे हसले. भाऊ हसला, भाभी पदराआड हसल्या, मीही हसले; बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मंडळी माणगावकडची घोडी बघायला निघून गेली. भावाने फोन काढला. कोणाला लावतोय ते सगळ्यांना कळलं.

"ठेवा तो," भाभी म्हणाल्या. "तबेला पाडायचा तर पाडा. घोडी माझ्या आईकडं जाते."

"आई काय करणार घोडीचं?"

"तुमी गाळ्यांचं काय करनार ते इचारलं का मी?"

त्यांचं माहेर कोलाडच्या अलीकडे, आत. भात निघालेलं, वाल पेरलेले. आईला अजून काही कळवलेलं नव्हतं, हे मला वाटेत समजलं. टेम्पोत घोडीला चढवायचं तर पायावर ताण, म्हणून चालत न्यायचं ठरलं, थांबत थांबत, आतल्या रस्त्याने. मीही चालत गेले. कामाचा भाग म्हणून, असं स्वतःला सांगितलं. पण दवाखान्यातली ती खोली, तेच गुडघे आणि तीच माझी वाक्यं, यांच्यापासून एक दिवस सुटका हवी होती. पुढे भाभी आणि घोडी, मध्ये मी, मागे भाई. त्यांनी घोडीच्या खुराकाचं, चंदीचं पोतं डोक्यावर घेतलं होतं आणि ते दोन्ही हातांनी धरलं होतं. मी म्हटलं, रिक्षातून पाठवा ते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे मॅडम. हात गुतलेले बरे."

एका गावात हळदीचा मांडव होता आणि स्पीकर तपासत होते. बेंजो वाजला तशी घोडी थांबली. तिने मान वळवून मागे पाहिलं, भाईंकडे. भाई पोतं धरून उभे राहिले, रस्त्याच्या कडेच्या गवताकडे बघत. भाभींनी दोर ओढला नाही. ओढण्यासारखा त्यांचा हातच नव्हता. बेंजो थांबून कोणीतरी माईकमध्ये हॅलो हॅलो करायला लागलं, तेव्हा कुठे घोडी पुढे निघाली.

पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. म्हातारी अंगणात उभी राहिली. तिने आधी घोडीकडे, मग जावयाकडे, मग पुन्हा घोडीकडे बघितलं. "गो, एवढं मोठं जनावर! बांधायचं कुठं?" असं म्हणत ती गोठा झाडायला गेली, मागोमाग भाभीही. मी खाली बसून घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्या मागून चाचपल्या. एवढ्या चालीनंतर गरम होत्या, पण दोन्ही सारख्याच.

"कसा हाय?" भाईंनी विचारलं. पोतं खाली ठेवलं होतं.

"बरा आहे."

ते घोडीच्या तोंडाशी गेले. त्यांचा हात वर उठला.

"हात खाली," भाभी गोठ्यातून ओरडल्या.

"अगो, माशी हाकलतोय!"