सोनूबाईनं तपासलेली शाळा

जाफराबादच्या स्टँडवर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक भोकरदनला जाणारी, दुसरी बुलडाण्याला. सोनूबाईला भोकरदनला बहिणीकडं जायचं होतं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण त्याची तिला फिकीर नव्हती. सोबत लेक होती, सत्यशीला, आणि सत्यशीला तिसरीत होती.

"सत्ये, भोकरदनची कोणती ते वाच."

सत्यशीलेनं दोन्ही पाट्यांकडं बघून ओठ हलवले आणि एका गाडीकडं बोट केलं. मायलेकी चढल्या. गर्दी इतकी, की कंडक्टर त्यांच्यापर्यंत येईस्तोवर जाफराबाद बरंच मागं पडलं होतं.

"एक फुल, एक हाफ. भोकरदन," सोनूबाई म्हणाली.

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. "उतरा. ही बुलडाण्याला चालली. पाटी वाचता येत न्हाई का?"

"मला न्हाई येत. पोरीनं वाचली. तिसरीत हाय."

"मंग तिला पहिलीत बसवा बाई," कंडक्टर म्हणाला, आणि सगळी गाडी हसली. ज्यांना पाटी वाचता येत नव्हती ते जरा जास्तच हसले.

परतीच्या वाटेवर सोनूबाई झपाझप पुढं चालली होती. सत्यशीला मार खायच्या तयारीनं मागं मागं चालत होती. पण मार पडला नाही. सोनूबाईच्या डोक्यात पोरगी नव्हतीच, शाळा होती.

ही सोनूबाई आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतली. छप्पन साली तिच्या सासऱ्यानं घरातले देव पोत्यात भरून पूर्णा नदीत सोडले आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. तेव्हापासून त्या घरात पोरं शाळेत जाणार की नाही, हा विषयच नव्हता. जायचंच. नवरा वसंता सालदारकी करायचा, सोनूबाई रोजानं निंदायला-खुरपायला जायची, आणि चारही पोरं वेळ झाली की शाळेच्या ओट्यावर सोडून दिलेली. देव सोडलेल्या बाईनं विश्वास म्हणून ठेवला होता तो एका गुरुजींवर.

घरी आल्यावर तिनं पुस्तक काढायला लावलं. सत्यशीलेनं कोल्ह्याचा धडा असा घडाघडा म्हटला, की वसंताला भरून आलं. सोनूबाईनं पुस्तक हातात घेतलं, चार पानं उलटली, बोट ठेवलं.

"हे वाच."

सत्यशीलेनं पुन्हा कोल्हा सुरू केला.

"थांब. चित्रात तर आगगाडी हाय. कोल्हा कुठून आला?"

सत्यशीलेनं चित्राकडं बघितलं. "तो आत बसलाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई खुरपं घेऊन कामावर निघाली आणि वाटेत शाळेत शिरली. दोन खोल्यांची शाळा, चार वर्ग, दोन गुरुजी. त्यातले एक कायम तालुक्याला कसल्या ना कसल्या कामगिरीवर. राहिलेले कारभारी गुरुजी. त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर पितळी ढाल लटकत होती, तालुक्यातल्या आदर्श शाळेची. दर शनिवारी पोरं ती राखेनं घासायची. अभ्यासापेक्षा ढालीवर मेहनत जास्त, त्यामुळं ती खरंच चकाकायची.

"गुरुजी, माझ्या पोरीला वाचता येत न्हाई."

"कसं येत नाही? साहेबांपुढं कोल्ह्याचा धडा तिनंच तर वाचला."

"ती आगगाडीवर बी कोल्हाच वाचती."

गुरुजी हसले. "सोनू, शाळा कशी आहे हे तपासणीचे साहेब ठरवतात. त्यांनी 'उत्तम' शेरा दिलाय. आता तूच सांग, साहेबांना जास्त कळतं का तुला?"

"साहेबानं काय काय बघितलं?"

गुरुजींनी कौतुकानं सांगितलं. प्रार्थना बघितली, स्वागतगीत ऐकलं, भिंतीवरचे तक्ते बघितले, फुलबाग बघितली. फुलबाग म्हणजे सरपंच अण्णासाहेबांच्या मळ्यातून आदल्या दिवशी उपटून आणून शाळेपुढं खोचलेला झेंडू. दुपारपर्यंत तो माना टाकायचा, पण तोवर साहेब अण्णासाहेबांकडं जेवून आडवे झालेले असायचे.

"कोंबडी बी बघितली असंल," सोनूबाई म्हणाली.

गुरुजींनी तिला बाहेर काढलं. मग तिनं शाळा बाहेरूनच तपासायला घेतली. आडावर, गिरणीत, निंदणीच्या पातीवर, जिथं चार बाया भेटतील तिथं ती सांगायची, पोराला पुस्तक देऊ नका, दुसरं काही बी वाचायला द्या. गावात दुसरं काही म्हणजे काडीपेटी, बिडीचं बंडल आणि चावडीच्या भिंतीवर लाल त्रिकोण काढून रंगवलेली कुटुंब नियोजनाची जाहिरात. बाया पोरांना त्या भिंतीपुढं उभं करू लागल्या. एकानं तिथं 'बैल पोळा' वाचला. दुसऱ्यानं हात पुढं करून प्रतिज्ञाच म्हटली. साळूबाईचा थोरला म्हणाला, हे इंग्रजीत आहे. पहिल्यांदा सगळे हसले. मग ज्याच्या त्याच्या लक्षात आलं की हसतोय ते पोरगं आपलंच आहे.

अण्णासाहेब मात्र हलले नाहीत. वस्तीतल्या बाईच्या बोलण्यावरून आदर्श शाळेला नावं ठेवणं त्यांना पटत नव्हतं. शिवाय त्यांचा नातू शिवाजी चौथीत पहिला होता. मग एकदा त्यांचा चष्मा फुटला आणि नेमकी त्याच दिवशी लग्नपत्रिका आली. त्यांनी ती शिवाजीपुढं धरली. शिवाजीनं वरचं गणपतीचं चित्र बघितलं, डोळे मिटले आणि आरती सुरू केली.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. अण्णासाहेब तापले होते. "उद्याच औरंगाबादला जातो," ते म्हणाले. "गुरुजींची बदली करून आणतो. बिलकुल ठेवायचा न्हाई माणूस."

सगळ्यांनी माना हलवल्या. कारभारी गुरुजी खाली बघून उभे होते. सोनूबाई कडेला होती. वसंता तिचा पदर मागून ओढत होता, तरी ती बोलली.

"बदली कामून? तिथं बी पोरंच असतील ना? यांनी आपली पोरं इतकी वर्षं नुसती बसवून ठेवली. आता शिकवल्याबिगर सोडायचं न्हाई यांना."

गुरुजींनी तिला हात जोडले. आपल्याला हिनं वाचवलं असं त्यांना वाटलं. वाचवलं नाही, डांबून ठेवलं, हे कळायला त्यांना पुढं बराच काळ लागला.

थोडे दिवस त्यांनी मन लावून शिकवलं. होळीच्या सुमाराला कोल्हा परत आला.

त्या पावसाळ्यात सरकारला वेगळीच घाई झाली. साल शहात्तर. प्रत्येक गुरुजीनं नसबंदीच्या केसेस आणायच्या, नाही आणल्या तर पगार बंद. शाळेची तपासणी एका वाक्यात उरकू लागली. साहेबांची जीप ओट्यापाशी थांबायची, साहेब खालीही उतरायचे नाहीत, काचेतून विचारायचे, "केसेस किती?" शेजारच्या गावची शाळा महिनाभर कुलूपबंद होती आणि तालुक्यात तिचं नाव पहिलं होतं. प्रार्थना, तक्ते, झेंडू, कोणी काही विचारेना. गावातल्या पुरुषांच्या कंबरेखाली काय झालं यावर शाळेचा दर्जा ठरू लागला.

कारभारी गुरुजी अर्ध्या दिवसानं शाळा सोडून सायकलवर शेताशेतानं फिरू लागले. सायकल दिसली की गडी ज्वारीत शिरायचे. त्या वर्षी ज्वारी पुरुषभर उंच आली, आणि तिचे उपकार आमच्या गावचे पुरुष अजून मानतात.

फिरत फिरत एक दिवस गुरुजी वस्तीत आले. वसंता मागच्या कुडावरून उडी टाकून गेला. सोनूबाईनं पोतं अंथरलं, चहा टाकला आणि कपबशी गुरुजींपुढं ठेवली. गुरुजींनी या वस्तीत कधी पाणी घेतलं नव्हतं. शाळेत सत्यशीलेला माठाला हात लावू देत नसत, कोणीतरी ओंजळीत वरून ओतायचं. गुरुजी कपाकडं बघत राहिले. सोनूबाई गुरुजींकडं बघत राहिली. केस पाहिजे असलेल्या माणसाला चहाला नाही म्हणता येत नाही. ते प्याले.

"वसंता कुठाय?"

"त्याला कशाला भेवाडता? तो ज्वारीतून दिवाळीलाच निघंल. ऑपरेशन मी करते."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "खरंच?"

"मला चार हायेत. पाचवं नको म्हणून सासूला कधीची सांगून राह्यली. पण तुमच्या नावावर जायचं तर फुकट न्हाई जाणार."

"काय पाहिजे?"

"सत्यशीलेला वाचता आलं पाहिजे. मी कुठलं बी पान उघडीन, तिनं ते वाचावं. मंग मी कॅम्पला येते, आधी न्हाई. आन् माठातलं पाणी सगळी पोरं आपल्या हातानं घेतील."

"अहो, तोवर माझा पगार..."

"मंग जल्दी शिकवा."

बोलण्याच्या नादात गुरुजी तिला 'अहो' म्हणून गेले, हे सोनूबाईनं ऐकून ठेवलं.

पाण्याचं दुसऱ्याच दिवशी झालं. कोणाच्या घरून कुरकुर आली तर गुरुजी सरळ सांगायचे, वरून हुकूम आहे. त्या वर्षी वरून इतके हुकूम यायचे, की कोणी शहानिशा केली नाही.

वाचायला वेळ लागला. गुरुजींनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यांवर अक्षरं काढली आणि सत्यशीलेला घेऊन बसले. ही गोष्ट फुटायची तशी फुटली. साळूबाई आली, तिला पाच होती. चांगुणाबाई आली, ती तर अण्णासाहेबांच्या भावकीतली. दोघींचीही अट तीच, आधी पोरगं वाचू द्या. एकेका केसमागं एकेक पोर बांधलेलं, म्हणून गुरुजी सबंध शाळेला एकेक करून उठवू लागले. चांगुणाबाईच्या पोराला म आणि भ काही केल्या वेगळे दिसेनात. गुरुजींनी त्याच्यापुढं अक्षरशः हात जोडले. "बाबा, माझ्या लेकराबाळांकडं बघ," ते म्हणायचे, "हा भ आहे."

गंमत म्हणजे त्यांना शिकवता येत होतं. बरं येत होतं. ते कोणी मागितलंच नव्हतं.

दिवाळीनंतर सत्यशीलेनं आगगाडीचा धडा वाचला. शब्दाशब्दाला थांबत, घाम पुसत, पण आगगाडीचाच. सोनूबाईनं लुगड्याची घडी काढली आणि साळूबाईला हाक मारली, तिचाही थोरला तोवर वाचू लागला होता.

कॅम्प जाफराबादला होता, तंबूत. खाटेवर पडल्यावर सोनूबाईला पहिल्यांदा भीती वाटली. तंबूत औषधाचा वास होता आणि कोणीतरी बाई कण्हत होती. तिनं सत्यशीलेचा हात घट्ट धरला. सत्यशीला आईच्या मनगटावरच्या चिकटपट्टीकडं बघत होती.

"आई, तू साळूबाई न्हाईस ना?"

"कामून?"

"इथं साळूबाई लिव्हलंय."

नर्सबाईंनी येऊन बघितलं. शेजारच्या खाटेवर साळूबाईच्या मनगटावर 'सोनूबाई' लिहिलेली पट्टी होती. दोघींचं ऑपरेशन एकच, त्यामुळं तसं काही बिघडलं नसतं. पण सोनूबाई भीती विसरून उठून बसली आणि आजूबाजूच्या सगळ्या खाटांना सांगू लागली, "माझ्या पोरीनं वाचलं." नर्सबाईंना तिला दोनदा आडवं करावं लागलं.

पुढच्या माघात जुन्या पद्धतीची तपासणी आली. केसेसचा जोर ओसरला होता. साहेब जीपमधून उतरले, खुर्चीत बसले. त्या वर्षी झेंडू खोचायला कोणाला सवड झाली नव्हती. साहेबांनी पोरं उठवली. पोरं वाचायला लागली. अक्षराला अक्षर जोडत, चुकत, मागं जाऊन पुन्हा धरत. चांगुणाबाईच्या पोरानं भ बरोबर म्हटला आणि आनंदानं पुढची ओळच विसरला.

साहेब नाराज झाले. "गुरुजी, हे काय? गेल्या खेपेला कसं घडाघडा वाचत होती."

"साहेब, तेव्हा वाचत नव्हती. आता वाचतायत."

"अडखळतायत."

"वाचायला लागल्यावर माणूस अडखळतोच, साहेब."

साहेबांनी शेरा लिहिला, 'साधारण'. ढाल उतरवून जीपमध्ये टाकली आणि शेजारच्या गावाला नेऊन दिली, त्या महिनाभर कुलूप असलेल्या शाळेला. अण्णासाहेबांना ही गोष्ट फार लागली. त्यांनी गुरुजींना चार शब्द सुनावले, सोनूबाईला आठ. "तुझ्यापायी गावाची इज्जत गेली," ते म्हणाले.

"ढालीवर काय लिव्हलं होतं अण्णासाहेब?" तिनं विचारलं.

अण्णासाहेबांना आठवेना. कितीतरी वर्षं ती भिंतीवर होती, पण वाचायचं त्यांच्याही राहून गेलं होतं.

तेव्हा चौथीपुढची शाळा जाफराबादलाच. जूनमध्ये सोनूबाई सत्यशीलेला पाचवीत घालायला घेऊन गेली. तिथले हेडमास्तर पांढऱ्या टोपीतले, कडक. नाव घातलं, वर्ग दाखवला आणि म्हणाले, "झालं तुमचं काम बाई. या आता."

"वर्गात बसून जरा बघू का, कसं शिकवता ते?"

"पालकांना आत बसायची परवानगी नाही."

"बराबर हाय," सोनूबाई म्हणाली. बाहेर गेली, पाचवीच्या खिडकीखाली सावली बघून बसली आणि भाकरीचं फडकं सोडलं. आत सगळा वर्ग एका सुरात काहीतरी म्हणत होता. हेडमास्तर दोनदा ओसरीवर येऊन खाकरून गेले. तिनं त्यांना भाकरी विचारली, पण ती उठली नाही. बऱ्याच वेळानं आतला गलका थांबला आणि एकाच पोराचा आवाज अडखळत यायला लागला. तेव्हा तिनं फडकं झटकलं आणि गाडीच्या वेळेला स्टँडकडं निघाली.