रविवारी तोडलेली पानं
हिरवी पानं जळाल्याचा कडू वास आला की मला तो रविवार आठवतो. पहाटे एकटीनं जंगलातून बिडीसाठी लागणारी तेंदूची पानं तोडून आणून मी अंगणातल्या चुलीजवळ पुडके बांधत होते, कारण दुसऱ्या दिवसापासून ठेकेदार पानं विकत घेणं बंद करणार होता. आठवडाभर खाटेवर लोळलेला नवरा उठून ओरडला, "आयतवारी काम करणं पाप हाय, तुले समजत नाई?" मी खाली मान घालून म्हटलं, "देवानं सहा दिवस काम कराले बी सांगतलं, ते काऊन इसरता?" त्यानं माझ्या कमरेत लाथ घातली, केस धरून बाजूला फेकलं आणि सगळे पुडके चुलीत कोंबले. धूर उठला तशी मी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि त्याच्या कपाळावर हाणलं. कपाळातलं रक्त ओघळून त्याच्या डोळ्यांत गेलं आणि तो मटकन खाली बसला. दारातून सासू म्हणाली, "आता तरी जाग आली काय रे तुले?" हल्ली तो माझ्याआधी जंगलात जातो. चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटायच्या आधी मला पुरुषांच्या ओळीत त्याच्या कपाळावरचा व्रण दिसतो. त्या घावाची मी दर रविवारी देवाजवळ माफी मागते, पण मनापासून मागणं अजून जमलेलं नाही.