भूतकाळाला बांधलेला माटव

कुडाळच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो आणि मुलं तरीही पास होतात.

२००६ साली मी पुण्याहून पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि घरच्यांचं ग्रहमान बिघडलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, टेन्स पाठ करायचे नसतात, अंगात भिनवायचे असतात. माणसाच्या मेंदूत काळ म्हणजे जागा! झालेलं पाठीमागे, होणारं समोर. विद्यार्थ्यांना त्यावर चालवा, काळ आपोआप कळेल. (चहा-बिस्किटांसोबत हे मला शंभर टक्के पटलं.)

तेवढ्यात देवबागहून थोरल्या वहिनीचा फोन. घरातल्या दोन खोल्या ती पर्यटकांना द्यायची. आता पहिल्यांदाच परदेशी पाहुणे येणार होते.

"भावजी, माका चार वाक्यां शिकवा. माझ्या घरात माझ्या वतीन दुसरो कोण बोललेलो माका नको."

पाहुणे दुपारी यायचे होते. सकाळीच मी देवबागला पोचून अंगणात दोरी टाकली. त्यांच्या जेवणासाठी उभारलेल्या नव्या माटवाच्या, म्हणजे मांडवाच्या, खांबाला एक टोक बांधलं: हा भूतकाळ. दुसरं टोक समुद्राकडे: भविष्यकाळ. विद्यार्थी म्हणजे वहिनी, दादा आणि नुकतेच किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून आलेले त्याचे सहा गडी. (फुकटची करमणूक कोण सोडतो!)

"दोरी धरा," मी शुद्ध मराठीत म्हणालो, "आणि भविष्यकाळाकडे जा."

"जावचा की ओढूचा?" दादाने विचारलं.

"अनुभवायचं!"

"म्हणजे ओढूचाच," दादा गड्यांना म्हणाला.

रापणीचा माणूस जाळ्याकडे तोंड करून, टाचा वाळूत रोवून मागे मागे जातो. दोरी धरायची दुसरी रीत उभ्या देवबागला ठाऊक नाही. मीही त्याच घरात वाढलो, पण पुण्याने पाच दिवसांत सगळं पुसून टाकलं होतं. सगळे गर्रकन खांबाकडे वळले आणि भविष्यकाळाकडे पाठ करून निघाले!

"उलटे झालात! तोंड समुद्राकडे!"

"भावजी, बाजूक होवा!"

"ओढा रेऽऽ!"

खांब आला. खांबामागून माटव आला, टेबलांवर आडवा झाला. त्या माटवाची, माडाच्या झावळ्यांची झापं वहिनीने महिनाभर स्वतःच्या हाताने विणली होती.

"भावजी," ती थंडपणे म्हणाली, "ह्यो खंयचो काळ?"

मी लुंगी खोचून कामाला लागलो.

पाहुणे आले तेव्हा मी शिडीवर झापं बांधत होतो. खाली वहिनीने दोन हात, दोन डोळे आणि माझी हुबेहूब नक्कल एवढ्या भांडवलावर त्यांना सगळी हकिकत सांगितली. एकही टेन्स न लावता! पाहुणे पोट धरधरून हसले.

मग त्यातल्या एका बाईंना माझी कीव आली. शिडीखाली येऊन, एकेक शब्द तोडत त्यांनी विचारलं, "डू... यू... स्पीक... इंग्लिश?"

मी वहिनीकडे पाहिलं.

"नो," मी म्हणालो.