परण्यात वाजवलेली गेमची चाल

हिंगोलीच्या बसस्टँडजवळ तेव्हा व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. आत मारामारीच्या गेमचं मोठं मशीन. मी लग्नाच्या बँडचा मास्तर, चाळिशी ओलांडलेला, तीन लेकरांचा बाप. पोराटोरांच्या गर्दीत शिरायची लाज वाटे. म्हणून शेजारच्या हॉटेलात चहा घेऊन भिंतीशी बसायचो आणि ऐकायचो. त्यातली एक चाल मला फार आवडली. मधेच ती दुप्पट लयीत धावायला लागे. का धावे, ते भिंतीपलीकडून मला दिसत नव्हतं. ती धावती चाल मी कॉर्नेटवर बसवली. मी बसवली, हे आधी लिहून टाकतो. आजवर मी याच्या उलट सांगत आलो.

आमच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारा विशीतला पोरगा होता. त्याचा बाप आमच्यातच मोठा ढोल वाजवायचा. सरावाला चाल ऐकली तेव्हा पोरगा म्हणाला, "मास्तर, हे परण्यात नका घेऊ."

"काहून?"

"गेममधी गड्याची पावर संपत आली ना, की हे वाजतं. आता हा पडणार, असं सांगतं ते. समदी पोरं ओळखतेत."

"मग नवरदेव काय घोड्यावरून उतरून गेम खेळायला जाणार हाय व्हय?"

सगळे हसले. तोही हसला आणि त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

लग्न डोंगरकडा गावी होतं. मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेव घोड्यावर बसला, परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, मंडपाकडे निघाला. मंडप दिसू लागला तशी मी खूण केली आणि ती चाल सुरू झाली. फार सुरेख वाजली. लोक नाचायला लागले. तेवढ्यात हिंगोलीहून आलेली चार पोरं ओरडली, "नवरदेवाची पावर संपून राहिली! पडतोय आता!"

नवरीकडची माणसं खो खो हसली. नवरदेवाच्या मामानं एका पोराला धरून विचारलं, तर त्यानं खरं ते सांगितलं. कोणी मरायला आलं की हे वाजतं.

मामा माझ्यासमोर आला. "आमचं पोरगं मंडपात चाललंय का मसणात? कोणी आणलं हे?"

सगळा बँड माझ्याकडे बघत होता. मी क्लॅरिनेटवाल्याकडे बोट केलं. "यानं. मला काही माहीत न्हाई."

"मग काढा त्याला."

भर रस्त्यात मी त्याच्या हातातून क्लॅरिनेट घेतलं. कोट बँडचा होता, लाल, सोनेरी पट्ट्यांचा. तोही उतरवायला लावला. आत नुसतं बनियन होतं. तो तसाच एसटीच्या थांब्याकडे चालत गेला. सरावाच्या दिवशी त्याचा बाप तापानं घरी होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि बाकीच्यांनी पोटापायी त्याला कधी सांगितलं नाही. त्यानं मान खाली घालून ढोल धरला, आणि आम्ही दुसरं गाणं सुरू केलं.

इथपर्यंत भीतीनं झालं असं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाद्यांची पूजा करायचो. त्या वर्षी बाप पोराला घेऊन माझ्या दारात आला. "मास्तर, याचं चुकलं. पाया पड रे." पोरगा वाकला. त्यानं माझ्या पायाला हात लावला आणि उठताना एकदाच माझ्याकडे पाहिलं. दारात आम्ही तिघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जाऊ द्या, झालं ते झालं." त्याच्या गुन्ह्याबद्दल त्याला माफ केलं मी. परत मात्र घेतलं नाही. तोवर दुसरा क्लॅरिनेटवाला आला होता.

आता बँड मोडला, लग्नात डीजे असतो. मागच्या महिन्यात एका लग्नात डीजेवाल्यानं तीच चाल वाजवली. पोरंसोरं नाचत होती, कोणाला राग आला नाही. मी जेवण टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी हट्टा गावी गेलो. तिथं त्या काढून टाकलेल्या पोराचं कुकर आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान आहे. केस माझ्याइतकेच पांढरे झालेत. मी सगळं बोललो. तो कुकरची शिट्टी साफ करत ऐकत राहिला.

"मास्तर, मला काहून सांगून राहिले? मी तर तिथंच व्हतो."

"तुझ्या बापाला सांगायला पाहिजे होतं."

"बाप गेला. शेवटपर्यंत म्हणायचा, मास्तर देवमाणूस, तूच करंटा." शिट्टी बाजूला ठेवून तो म्हणाला, "माझ्या लेकीलाबी त्यानं तेच सांगून ठेवलंय. ती शाळेत शिकवती. लिहून द्या, वाचील ती."

"तू त्या दिवशी दारात बोलला का नाहीस?"

"बाप उभा व्हता ना. तुमाला लई मानायचा."

त्यानं चहा सांगितला. मी त्याच्याकडे कागद-पेन मागितलं.

तर बाई, तुमच्या वडिलांनी ती चाल आणली नाही. परण्यात वाजवू नका, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. चाल माझी, हट्ट माझा, आणि त्यांच्याकडे दाखवलेलं बोटही माझंच. त्या दसऱ्याला पाया पडायला हवं होतं ते मी.