आईची साक्ष

एकेचाळिसाव्या वर्षी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. शहाद्याच्या एका कचेरीत मी आवक-जावक सांभाळते. आलेलं पत्र नोंदवहीत चढवायचं आणि ज्या त्या टेबलावर पाठवायचं, एवढंच काम. तरी तीन पत्रं माझ्या डब्याच्या पिशवीत सापडली. ती तिथे कशी गेली, मला सांगता येईना.

"मॅडम, तुमचं लक्ष असतं कुठे?" साहेब म्हणाले. हेच सासूबाई विचारायच्या, नवरा विचारायचा, चौथीच्या बाईंनीही विचारलं होतं.

झोप उडाली, म्हणून नंदुरबारला मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. झोपेची गोळी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी मात्र तासभर भलतंच विचारलं. अर्धवट राहिलेली कामं, उतू जाणारं दूध, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत बोलणं. मग म्हणाल्या, "हा लक्ष न टिकण्याचा विकार असू शकतो. मुलगा वर्गात उड्या मारतो, तो दिसतो. मुलगी खिडकीबाहेर बघत गप्प बसते, तिला नुसतं वेंधळी म्हणतात. पण हे लहानपणापासून असावं लागतं. तेव्हा तुम्हाला पाहिलेलं कुणी आहे?"

पुढच्या खेपेला आईला घेऊन गेले. ती तळोद्याजवळच्या गावाहून एसटीने आली. खुर्चीच्या टोकावर बसली, पदर सावरला आणि विचारायच्या आत म्हणाली, "मन्ही पोर हुशार शे. तिले काहीच व्हयेल नही."

माझ्या लक्षात आलं. कागदावर वेडी म्हणून लिहितील आणि पोर माहेरी परत येईल, अशी तिला भीती होती.

"माय, खरं सांग," मी म्हणाले. "माले कोणी घरबाहेर काढनार नही."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात बोलू लागली. शाळेत निघाले की केळीची गाडी भरताना बघत मी वाटेतच थांबायची. म्हणून ती रोज लांबून माझ्या मागे यायची. विसरलेलं दप्तर मागच्या खिडकीतून आत द्यायची, बाईंना कळू नये म्हणून. तिला वाचता येत नव्हतं. माझ्या वह्या चुकू नयेत म्हणून तिने प्रत्येक वहीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. दोरे मला आठवत होते. सगळ्यांच्या आया बांधत असतील, असं वाटायचं. ती मागे चालायची, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

"मन्ही चुकी व्हयनी का?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"नाही, आजी. तुम्ही सांभाळलंत म्हणून ती शिकली. फक्त त्यामुळे हे कुणाला दिसलं नाही."

मी तिथेच रडले. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

आणखी एका भेटीनंतर निदान पक्कं झालं, गोळी सुरू झाली. नोटिशीच्या उत्तराला मी दाखला जोडला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि टेबलावर एक ट्रे ठेवायला सांगितला. नोंद झाल्याशिवाय पत्र ट्रेमधून उचलायचं नाही. दूध अजून उतू जातं. नवरा पुटपुटतो, पण पुसायला फडकं तोच आणतो.

रोज सकाळी आठला आईचा फोन येतो. "गोळी लिधी का?"

कधी घेतलेली असते. कधी तिला हो म्हणत मी पाण्याचा पेला शोधत असते.